शेठसाठी राखून ठेवलेला पट्टा

माझ्या बायकोला एका बाटलीने मारलं. ती बाटली ज्या हॉटेलची होती त्याच्या शेठला मी तेव्हाही सोडलं नाही आणि आजही सोडलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण वस्तीतली माणसं भेटली की म्हणतात, काका, तुम्ही समुद्राची काय सेवा करता! सेवा-बिवा काही नाही. मी किनारा साफ करायला गेलो तो सूड घ्यायला. साफसफाई मागाहून चिकटली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे जसं घडलं तसं लिहितो, सजवून लिहायला मला येत नाही.

आम्ही मूळ मालवणकडचे. संपात गिरणी गेली तेव्हा मी अंधेरीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागलो. बायको चार घरची भांडी घासायची. तिला दोनच शौक होते, बोलणं आणि मासे खाणं. बाजारात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घ्यायच्या म्हटलं की तिला रडू यायचं. म्हणायची, "समुद्रात फुकट पडल्यात त्या काय म्हणून विकत घ्यायच्या?" मग सुट्टीच्या दिवशी बसने वेसावे, तिथून होडीने खाडीपलीकडे, आणि ओहोटीला वाळूत. त्या किनाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी वकील घेऊन दारात येईल, आणि वकिलाला चहा पाजायची माझी इच्छा नाही.

तिसरी वाळूच्या आत असते. वरून दिसत नाही. माझी बायको चपला काढून, लुगडं खोचून, पायाच्या अंगठ्याने चाचपत चालायची. अंगठ्याला लागली की वाकून उकरून काढायची. मी म्हणायचो, तुला पायाला डोळे आहेत. ती म्हणायची, "आसत. आणि तुमका कपाळाक आसत तेय चालनत नाय."

त्या वर्षी गणपती गेले आणि तिच्या जिभेला चळ लागला. श्रावणापासून मासे बंद होते घरात. माझी ड्यूटी होती म्हणून ती एकटीच गेली. संध्याकाळी टोपभर तिसऱ्या घेऊन आली, पण लंगडत. टाचेला फडकं बांधलेलं.

"काय झालं?"

"शिंपलो लागलो, आणि काय! तुमी जेवा आदी."

हळद दाबली, झोपली. दुसऱ्या दिवशी भांड्यांना गेली. शिंपला काय, आमच्याकडे लहानपणापासून लागतच आला आहे सगळ्यांना. त्याला कोण डॉक्टर करतं? आठवडा झाला असेल, ती जेवायला बसली आणि तिला घास घेता येईना. जबडा उघडेना. मला आधी वाटलं मस्करी करते. दिवसभर जिचं तोंड बंद नाही ती तोंड उघडत नाही म्हटल्यावर मी हसलो. मग तिचे डोळे बघितले आणि रिक्षा आणायला पळालो.

धनुर्वात. म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. जरा आवाज झाला, भांडं पडलं, दार वाजलं, की तिचं अंग कमानीसारखं वर यायचं. डॉक्टर म्हणाले, काका, खोलीत बोलायचं नाही. एक शब्द नाही. तिला बोलता येत नव्हतं आणि मला बोलायची मनाई होती. असे आम्ही दोघे शेवटचे एकमेकांकडे बघत बसलो. मला तिला विचारायचं होतं, पाणी हवं का. ते पण विचारलं नाही. मग ती गेली.

दिवाळीनंतर मी त्या किनाऱ्यावर गेलो. का गेलो ते माहीत नाही. घरात बसवत नव्हतं. तिथे एक म्हातारी कोळीण बांबूवर बोंबील वाळत घालायची. माझी बायको तिच्याकडे बसून पान खायची, त्यामुळे ती मला ओळखत होती.

"तुजी मालवनी कुटं हाय? किती दिस आली नाय ती."

मी सांगितलं. तिच्या हातातला बोंबील खाली पडला.

"सुई नाय घेतली?" तिने विचारलं.

"शिंपल्याला कसली सुई?"

"शिंपला? कोन बोलला शिंपला? काच व्हती रं! हिरवी, जाड. मीच काडली तिच्या टाचंतून, माज्या पदराचं फडकं फाडून बांदलं. बोलले तिला, सुई घे. ती बोलते, घरी सांगलं काच, तर मालक परत येऊ नाय देनार."

माझी बायको मला खोटं बोलली, तिसऱ्यांसाठी. तिच्यावर राग काढायची सोय नव्हती. मग मी कोळणीला विचारलं, "काच कुठली?"

तिने हात वर केला आणि बोट दाखवलं. किनाऱ्याच्या मधोमध एक मोठं हॉटेल झालं होतं. पांढरी भिंत, आत माडांखाली दिवे, शनिवारी शहरातून गाड्या यायच्या. कचऱ्याची गाडी त्या बाजूला येत नसे. म्हणून हॉटेलची पोरं भिंतीबाहेर वाळूत खड्डा खणायची आणि रिकाम्या बाटल्या त्यात लोटून वरून वाळू ओढायची. पावसात समुद्र भिंतीपर्यंत आला की खड्डे फुटायचे आणि काच पाण्यापर्यंत पसरायची. कोळीवाड्यातल्या निम्म्या बायकांच्या पायाला टाके होते. त्या वाचल्या, कारण त्यांनी सुई घेतली.

मी तसाच हॉटेलच्या गेटवर गेलो. गुरख्याने अडवलं. मी ओरडलो. मॅनेजर आला, म्हणाला, "प्रूफ काय आहे?" मी म्हटलं, "प्रूफ जाळून आलोय मी." तेवढ्यात शेठ गाडीत बसायला बाहेर आला. गोरापान, पोट सुटलेलं, पायात चकचकीत बूट. मॅनेजरने त्याच्या कानात सांगितलं. शेठने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, कंटाळून बघतात तसं, आणि म्हणाला, "बीच पे नंगे पाँव कौन घूमता है? चप्पल पहनने का ना."

आणि गाडी गेली.

मी गिरणीत मारामाऱ्या बघितल्यात. शिव्या खाल्ल्यात, दिल्यात. पण त्या वाक्याने जे केलं ते कुणाच्या शिवीने केलं नव्हतं. मी रात्रपाळीला गेटवर बसायचो आणि ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहायचं. मला त्याचे पैसे नको होते, माफी नको होती. मला तो माणूस त्या वाळूत अनवाणी चालताना बघायचा होता. बस. एवढं एकच.

पण बूट घालणाऱ्याला अनवाणी करायचं कसं? ते पण कोळणीनेच सांगितलं. मी तिला शेठचं वाक्य ऐकवलं तेव्हा ती थुंकली आणि हसली.

"नंगे पाव कोन घुमता? तोच! नारली पुनवेला येतो ना नारल घेऊन. पितांबर नेसतो, पायांत काय नाय. पावन्यांना घेऊन येतो, फोटू काडतो. कोलीवाड्याने हाटेलाला इरोद करू नये म्हनून दरसाल येतो, मेला."

नारळी पौर्णिमेला बरेच महिने होते. मी थांबायचं ठरवलं. थांबणं मला जमतं, वॉचमनचं कामच ते.

अडचण एवढीच होती की त्या भिंतीपाशी मी उभा राहिलो की गुरखा हाकलायचा. तशात एका रविवारी सकाळी मला तिथे पाच-सहा माणसं दिसली. गुडघ्यावर बसून वाळूत बघत होती. त्यांची म्होरकी एक बाई, माझ्याच वयाची, मुलुंडला शाळेत शिकवून निवृत्त झालेली. डोक्याला रुमाल, हातात लाकडी चौकट, खिडकीची असते तशी.

मी विचारलं, "काय हरवलंय, बाई?"

"खेकडे," ती मान वर न करता म्हणाली.

"खेकडे हरवले?"

"तेच बघतोय."

मला हसू आलं. बायको गेल्यानंतरचं ते पहिलं. बाईंनी मग समजावलं. ही चौकट वाळूवर टाकायची, तिच्या आत जेवढं जिवंत सापडेल तेवढं मोजायचं. खेकड्यांची बिळं, शंख, शिंपले, किडे. मग चार पावलं पुढे जाऊन परत टाकायची. दर महिन्याला तेच. म्हणजे समुद्रातलं काय वाढतंय, काय मरतंय ते कळतं. आणि मोजून झालं की किनारा साफ करायचा. पगार नाही, चहा आपापल्या खिशातून.

"ह्यातून काय मिळतं?" मी म्हटलं.

"सध्या तरी पाठदुखी," बाई म्हणाल्या. "येता का?"

मी बघितलं, गुरखा लांब उभा राहून त्यांच्याकडे बघत होता आणि काहीच बोलत नव्हता. एकटा म्हातारा भिंतीपाशी उभा राहिला तर चोर. त्याच्या हातात गोणपाट दिलं की तो समाजसेवक. मी म्हटलं, "येतो. हॉटेलसमोरचा पट्टा मला द्या."

त्या दिवसापासून रविवार त्यांचा झाला. तुटक्या चपला, जाळ्यांचे गुंते, डांबराचे गोळे, देवांचे फोटो, हार, उशा. एकदा अख्खी शिवणयंत्राची पेटी निघाली. बाई म्हणाल्या, "बघा आत कोणी शिंपी आहे का." त्या अशाच बोलायच्या, चेहरा न हलवता. मला त्यांचा राग यायचा नाही, आणि तेव्हा मला सगळ्यांचाच राग यायचा.

खोटं कशाला सांगू, मोजायच्या कामात मला गोडी लागली. ओहोटीच्या वाळूवर बारीक बारीक गोळ्या पसरलेल्या असतात, मोहरीएवढ्या. मी जन्मभर बघत आलो, कधी विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, खेकडा वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाण्याजोगं चोखतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. म्हणजे ती त्याची उष्टी. मी घरी जाऊन भिंतीला म्हटलं, "ऐकलंस? त्या गोळ्या म्हणजे खेकड्याचं उष्टं." मग आठवलं, ऐकणारं कोणी नाही. आणि परत शेठ आठवला.

कारण हॉटेलसमोर चौकट टाकली की आत गोळ्या नसत. बीळ नाही, शिंपला नाही. हॉटेलचं साबणाचं पाणी एका पाइपातून तिथेच सुटायचं. बाईंनी ऑफिसांना अर्ज लिहिले, दोनदा स्वतः गेल्या. कोणी हललं नाही. बाई म्हणाल्या, "लिहीत राहायचं." त्यांचा रस्ता वेगळा, माझा वेगळा.

उन्हाळाभर मी खड्डे बघत होतो. कुठे बाटल्या पुरल्या, कुठे वाळू ओढली, मला पाठ झालं. बायको कशी गेली ते बाईंना मी सांगितलं होतं. बाकीचं सांगितलं नव्हतं. पाऊस लागला, समुद्र भिंतीला धडकला, खड्डे फुटले. श्रावण आला.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला आमची टोळी आली. बाई म्हणाल्या, "आज संध्याकाळी अख्खा कोळीवाडा अनवाणी येणार आहे. एक टाचणी राहता कामा नये. हॉटेलसमोर कोण?"

"मी."

"एकटे? तिथे सगळ्यात जास्त काच आहे."

"तो माझा आहे, बाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला बायकोसाठी करायचं आहे. त्यांनी गोणपाट दिलं आणि पुढे गेल्या.

मी गोणपाटात शेवाळ भरलं, दोरखंड भरले, एक फुटकं टोपलं भरलं. काच होती तिथेच ठेवली. वर आलेले तुकडे पायाने दाबले आणि तळहाताने वाळू सारखी केली, बाळाच्या अंगावर चादर सारखी करतात तशी. बाहेरून आणून एक तुकडा टाकला नाही. त्याचंच होतं, त्याच्यासाठी ठेवलं. दुपारी भरती आली, पट्ट्यावरून गेली आणि उतरताना वाळू अशी गुळगुळीत करून गेली की मलाच खूण सापडेना. मला वाटलं, समुद्र पण माझ्या बाजूला आहे.

बाईंनी विचारलं होतं, "झाला?" मी म्हटलं होतं, "झाला."

आता माझी चूक कुठे झाली ते सांगतो. आमच्या गावात देवाचं काहीही असो, पालखी, गाऱ्हाणं, नारळ, पहिला मान मानकऱ्याचा. घराणी ठरलेली असतात. तो पुढे, गाव मागे. मी त्यातच वाढलो. त्यामुळे मी धरूनच चाललो की इथे पण तसंच असणार. हॉटेलवाला मंडपाचे पैसे देतो, बेंडबाजाचे देतो, मग पहिलं पाऊल त्याचंच. मी कोणाला विचारलं सुद्धा नाही. सूर्य कुठून उगवतो हे कोण विचारतं?

संध्याकाळी पाणी लांब गेलं होतं. कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक आली. किनाऱ्यावर उतरायची सपाट वाट एकच, हॉटेलच्या भिंतीजवळची, आणि तिथून पाण्यापर्यंत सरळ माझा पट्टा. बाया नटलेल्या, डोक्यात अबोली, पुरुषांच्या टोप्या लाल. मी भिंतीपाशी चपला काढून उभा होतो, कारण पूजा आहे म्हटल्यावर चपला पायात राहतच नाहीत. बाई आणि आमची टोळी पण आली होती.

शेठ दिसला. पिवळा पितांबर, उघडं अंग, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. मी त्याच्या पायांकडे बघितलं. पांढरे, मऊ, कधी जमिनीला न लागलेले पाय. माझ्या तोंडाला पाणी सुटलं म्हणा ना.

मिरवणूक वाटेच्या टोकाला थांबली. बेंड थांबला. आणि शेठ बाजूला झाला.

गर्दीतून ती म्हातारी कोळीण पुढे आली. नवं हिरवं लुगडं, हातात पूजेचं ताट, पाय उघडे. ह्या कोळीवाड्याची रीत अशी की वाळूवर पहिलं पाऊल वाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं. तिने पाय लावायचा, मग होडीवाले पुरुष, मग शेठ-बिठ पावणे. आणि त्या वर्षी सगळ्यात म्हातारी ती होती.

तिने माझ्याकडे बघून बोळकं पसरलं आणि पाय उचलला.

तिच्याच पदराचं फडकं माझ्या बायकोच्या टाचेला होतं. तिच्यामागे शेठ उभा होता. ती दोन पावलं चालली असती, तिला लागलं असतं, आणि शेठ तिथल्या तिथे थांबला असता. म्हणजे मला जे हवं ते मिळणार नव्हतंच, वर ही जाणार होती. पण हा हिशोब मी आत्ता लिहिताना करतो आहे. तेव्हा मी फक्त ओरडलो.

"गे, थांब!"

आणि पळालो. अनवाणी, माझ्याच पट्ट्यावरून. तिसऱ्या का चौथ्या पावलाला काच आत गेली. मी पडलो तो तिच्या पायाशीच.

"मेल्या, प्यायलास काय?" ती ओरडली. ताट तिने डोक्यावर धरलं होतं.

मी वाळूत हात घातला आणि बाटलीचं बूड काढलं. हिरवं, जाड. मग मान. मग आणखी एक. ओंजळभर काच तिच्यासमोर धरली. माझ्या पायाचं रक्त वाळूत पसरत होतं. बाया मागे सरकल्या.

शेठ पुढे आला. काच बघून त्याला ओळख पटली असणार, पण तो बाईंकडे वळला. "आप लोग सुबह सफाई किये थे ना? ये क्या सफाई है?"

बाई माझ्याजवळ आल्या, खाली बसल्या आणि खांद्यावरची चौकट काढून वाळूवर ठेवली. आतली वाळू बोटांनी बाजूला केली. त्या एका चौकटीत काच, काच आणि काच. खेकडा नाही, शिंपला नाही. त्या माझ्याकडे बघून हळू म्हणाल्या, "तुम्ही झाला म्हणालात."

"झाला म्हणालो," मी म्हटलं. "केला नाही. राखून ठेवला होता." आणि मी शेठकडे बोट केलं. "ह्याच्यासाठी. ह्याचंच आहे, ह्याला देत होतो."

कोळणीने माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे, मग शेठच्या पायांकडे. तिला कळायला एवढाच वेळ लागला.

"आनि मी मंदी आले," ती मला म्हणाली. "मला मारत व्हतास का रं, मुडद्या?"

"मला वाटलं मान त्याचा."

"त्याचा?" तिने वाळूवरून पाय मागे घेतला, ताट सावरलं आणि शेठसमोर वाकून वाट दाखवली, लग्नात व्याह्याला दाखवतात तशी.

"घ्या शेट. औंदा पयला मान तुमचा."

शेठ हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "नहीं नहीं, आप बुजुर्ग हैं."

"चला ना. काय घाबरता? बीच पे नंगे पाव कोन घुमता है?"

मागून एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळा कोळीवाडा हसायला लागला. ज्यांच्या पायांना टाके होते त्या सगळ्यात मोठ्याने. बेंडवाल्याने उगाच एक ढम वाजवला. शेठने मॅनेजरला खूण केली, "जूते लाओ." कोळणीने तिथेच अडवलं, "बूट? दर्याला बूट घालून नारल? अशानं आमची जाली रिकामी येतील. उचला. काच उचला, वाट करा, मंग जा. नोकर नाय. तुमी."

कोळी पुरुष नुसते जवळ येऊन उभे राहिले.

आणि तो शेठ पितांबर आवरून उकिडवा बसला. पाहुणे बघत होते, फोटोवाला फोटो काढायचा की नाही म्हणून उभा होता. शेठ एक एक तुकडा उचलत होता. आमच्यातली एक मुलगी त्याला मदत करायला वाकली, मी तिला म्हटलं, "राहू दे." बाई गोणपाटाचं तोंड उघडून त्याच्यासमोर धरून उभ्या राहिल्या. मदत नाही, अपमान नाही, नुसतं गोणपाट. ते मला जमलं नसतं.

मधेच तो "आह" म्हणाला. बोटाला लागलं होतं. थेंबभर रक्त. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. कोणाला हे वाचून वाईट वाटलं तर वाटू दे.

पुढची पूजा मी बघितली नाही. कोळणीने ताट दुसरीच्या हातात दिलं, नव्या लुगड्याचा पदर टरकन फाडला आणि माझा पाय करकचून बांधला.

"सुई," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. तुज्या बायकूने ऐकलं नाय, तू ऐकशील."

मला, खरं सांगतो, सुई घ्यायची नव्हती. पडल्या पडल्या मनात आलं होतं, झालं, हीच ती काच, मी पण त्याच वाटेने जातो. तिने काय ते ओळखलं असावं. बखोटीला धरून मला गावच्या दवाखान्यात नेलं.

तिथे बाकावर कोण? शेठ. बोटाला रुमाल गुंडाळलेला, शेजारी मॅनेजर. गाडीने आमच्या आधी पोचले होते. काच लागून घटका झाली नाही आणि हा सुई घ्यायला हजर. म्हणजे त्याला माहीत होतं. काच लागली की काय होतं ते त्याला पक्कं माहीत होतं. मला गेटवरून हाकललं तेव्हाही माहीत होतं.

डॉक्टरांनी आतून विचारलं, "पहिला कोण?"

मॅनेजर म्हणाला, "आमचे साहेब."

मी एका पायावर उठलो. "पहिला मी," म्हटलं. शेठकडे बघितलं. तो उठला नाही. त्याने मान खाली घातली आणि पाय बाकाखाली ओढून घेतले.

सुई टोचायला किती वेळ लागतो? मुंगी चावते तेवढा. दंडावर कापूस दाबून मी स्टुलावर बसून राहिलो. डॉक्टर म्हणाले, "काका, दुखतंय का? रडता काय?" मी म्हटलं, "एवढंच असतं काय हो हे? एवढंच?" त्यांना कळलं नाही. दाराशी उभ्या कोळणीला कळलं.

हॉटेलने नंतर बाटल्या पुरणं बंद केलं. गोण्यांत भरून गाडीने पाठवू लागले. पाइप तसाच राहिला, बाई अजून अर्ज लिहितात. पुढच्या नारळी पौर्णिमेला शेठ आला नाही. मॅनेजरच्या हाती नारळ पाठवला, तो कोळणीने बेंडवाल्याला देऊन टाकला.

पण मला सांगायचं आहे ते त्या पूजेनंतरच्या रविवारचं. मी लंगडत गेलो. वाटलं होतं बाई म्हणतील, उद्यापासून येऊ नका. त्यांनी गोणपाट दिलं आणि म्हणाल्या, "हॉटेलसमोर." उन्हं डोक्यावर येईपर्यंत मी तो पट्टा चाळला. वाळू बोटातून गाळली. बाई आल्या.

"झाला?"

"झाला."

त्यांनी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि पट्ट्यावरून चालायला लागल्या. भिंतीपासून पाण्यापर्यंत, मग थोडं सरकून परत भिंतीपर्यंत, शेत नांगरतात तसं. खाली बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. काही राहिलं असेल तर? सगळा पट्टा तुडवून त्या आल्या, चपला घातल्या, म्हणाल्या, "ठीक." आणि चौकट माझ्या हातात दिली.

तेव्हा वर बघितलं तर हॉटेलच्या गच्चीत शेठ उभा होता. चहाचा कप घेऊन आमच्याकडे बघत होता. मी माझ्या चपला काढल्या आणि वर धरून त्याला दाखवल्या. म्हटलं, या.

तो आत गेला.

मी अजून दर रविवारी तेच करतो. पट्टा साफ करतो, चपला काढतो, गच्चीखाली उभा राहतो. कधी तो असतो, कधी नसतो. पट्टा आता तळहातासारखा साफ आहे, कोणाचं तान्हं पोर सोडावं इतका. हे बाईंना माहीत आहे, कोळणीला माहीत आहे. मला माहीत आहे.

त्याला माहीत नाही. आणि मी त्याला कधीही सांगणार नाही.